पेटीतले फर्मान

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी होती. आजी तिला 'निजामाची पेटी' म्हणे. पेटी काही निजामाने दिलेली नव्हती. कंधारच्या बाजारातून आजोबांनीच ती आणली होती. पण तिच्या तळाशी, लाल फडक्यात गुंडाळलेला एक कागद होता. जाड, पिवळा पडलेला, वर मोठा गोल शिक्का आणि खाली उर्दूतली लफ्फेदार सही. "निजामसरकारचं फर्मान हाय ते. जमिनीला कुणी हात लावायला आलं तर हे दाखवायचं," असे आजी सांगे. दसऱ्याला शस्त्रांची आणि वह्या-पुस्तकांची पूजा व्हायची, तेव्हा या कागदालाही हळदीकुंकू लागायचे. घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता. वाचता येत नव्हता म्हणूनच कदाचित त्याचा एवढा धाक होता.

2023 च्या दिवाळीत ती पेटी पुन्हा उघडली. त्या वर्षी मराठवाड्यातल्या घरोघरी पेट्या उघडल्या जात होत्या, हे वाचकांना आठवत असेल. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मोठा भाव आला. कुणी जातीच्या दाखल्यासाठी, कुणी इनामासाठी, कुणी वाटणीच्या वादासाठी माळ्यावरची गाठोडी खाली काढली. आमचे प्रकरण वाटणीचे होते. चुलत्यांशी बांधावरून कुरबूर चालली होती. 'बाप दाखव नाही तर श्राद्ध कर' अशी वेळ आल्यावर वडील म्हणाले, "आपलं फर्मान काढा."

नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूला एक निवृत्त शिक्षक राहतात. वय नव्वदीच्या घरात. लहानपणीचे सगळे शिक्षण उर्दूतून झालेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणालो. चाचांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला, एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि हसू दाबत म्हणाले, "अरे बेटा, ये फर्मान कां का? ये तो नोटीस है."

शेतसाऱ्याचा हप्ता थकला आहे, मुदतीत भरला नाही तर जप्ती होईल, अशी तहसीलीतून आलेली ती साधी नोटीस होती. तीन पिढ्या आम्ही जप्तीच्या धमकीला हळदीकुंकू वाहत होतो!

वडिलांचा चेहरा उतरला. मग चाचांनी पेटीच्या तळाला अंथरलेला, कोपरे झिजलेला एक चिटोरा उचलला. "और ये?" ती सारा भरल्याची पावती निघाली. आजोबांचे नाव, सर्वे नंबर, रक्कम आणि तारीख : खुर्दाद 1341 फसली. "हे सांभाळा," चाचा आता मराठीत बोलले. "शिक्का मोठा त्यात दम नसतो. दम कशात आहे ते शब्द सांगतात."

ते वाक्य डोक्यातून जाईना. सत्ता बोलते तेव्हा नेमक्या कोणत्या शब्दांत बोलते? फर्मान, हुकूम, गश्ती, जाहीरनामा, वटहुकूम, अधिसूचना, परिपत्रक. इंग्रजीत पाहावे तर एडिक्ट, डिक्री, ऑर्डिनन्स, प्रोक्लमेशन, नोटिफिकेशन, सर्क्युलर. आपल्याला हे सगळे 'सरकारी कागद' म्हणून एकाच माळेचे मणी वाटतात. पण या प्रत्येकाचे वजन वेगळे आहे आणि त्या वजनाचा हिशेब चुकला की माणसाची फजिती होते, कधी नुकसानही होते.

फर्मावणे आणि फर्माईश

फर्मान हा फारसी शब्द. 'फर्मूदन' म्हणजे आज्ञा करणे. गंमत अशी की रेडिओवर आपण गाण्याची 'फर्माईश' पाठवत होतो ती याच घरातली. राजाने फर्मावले तर फर्मान, श्रोत्याने फर्मावले तर फर्माईश. हुकूम अरबी. हाकीम, हुकूमत, महकमा ही सगळी त्याची भावंडे. 'जाहीर' अरबी आणि 'नामा' फारसी, त्यांचा जोड होऊन जाहीरनामा झाला. 1858 साली व्हिक्टोरिया राणीने काढला तो जाहीरनामाच होता. आज मात्र निवडणूक आली की पक्षोपक्षांचे जाहीरनामे निघतात. राज्यकर्त्याने रयतेला ऐकवायचा शब्द आता मते मागणाऱ्याच्या तोंडी आला आहे. लोकशाहीने शब्दांनाही कसे खाली उतरवून आणले, त्याचा हा छान नमुना.

इंग्रजी शब्दांची कुळी शोधली तर तिथेही आपलेच चेहरे दिसतात. प्रोक्लमेशन हा लॅटिनमधून आलेला शब्द, मूळ अर्थ 'पुढे होऊन ओरडणे'. म्हणजे आपली दवंडीच की! हलगी वाजवत गावभर फिरणारा कोतवाल हा आपल्याकडचा प्रोक्लमेशन. एडिक्टचा मूळ अर्थ 'बोलून दाखवणे'. डिक्री म्हणजे 'ठरवून टाकणे', अर्थात निर्णय. आणि फियाट? आमच्या पिढीला फियाट म्हटले की मोटारच आठवते. ते नाव इटलीतल्या कारखान्याच्या आद्याक्षरांचे. पण लॅटिनमध्ये फियाट म्हणजे 'तसे होवो'. आपल्या पुराणातले देव म्हणतात ते 'तथास्तु'. कारण नाही, चर्चा नाही, नुसते म्हटले की झाले!

राज्य बदलले की हे शब्द बदलण्याची धडपड सुरू होते, हीही जुनीच रीत. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो 1677 च्या सुमारास. दरबारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, 1960 साली, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि 1962 मध्ये पदनाम कोश निघाला. त्यातल्या शब्दांची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. पण 'अधिसूचना', 'परिपत्रक', 'राजपत्र' हे शब्द आज शेतकऱ्याच्या तोंडी सहज येतात.

त्रेपन्न नंबरची गश्ती

मराठवाड्याची गोष्ट मात्र जरा निराळी आहे. पुण्या-मुंबईकडे सत्ता इंग्रजीतून बोलत होती तेव्हा आमच्याकडे ती आधी फारसीतून आणि 1884 नंतर उर्दूतून बोलू लागली. रयत मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी. हुकूम मात्र उर्दूत. निजामाचे ते फर्मान. सरकारी राजपत्र ते जरीदा. आणि खात्याखात्यांतून फिरणारे परिपत्रक म्हणजे गश्ती.

'गश्त' म्हणजे फेरी. पोलीस रात्री घालतात ती गस्त याच शब्दातून आली. जी फिरते ती गश्ती. इंग्रजी सर्क्युलरच्या पोटात सर्कल, वर्तुळ आहे. मराठी परिपत्रकातला 'परि' म्हणजेही सभोवार. तीन भाषा, तीन संस्कृती, पण कारकुनाच्या हातात तोच कागद, या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारा!

या फिरत्या कागदाने एकदा सगळ्या संस्थानाला जखडून टाकले होते. 1929 साली 'गश्ती निशान 53' निघाली. इथे 'निशान' म्हणजे क्रमांक. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा, असा तिचा मथितार्थ. नाव गश्ती, म्हणजे दिसायला किरकोळ परिपत्रक. कायदा नव्हे, फर्मान नव्हे. पण लोकांनी एकत्र बसून चार शब्द बोलण्याचा हक्क त्या कागदाने काढून घेतला. वाचनालय चालवणारे, शाळा काढणारे, व्याख्यानमाला भरवणारे साधे लोकही परवानगीच्या फेऱ्यात सापडले. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदीचा हुकूम आला आणि स्वामी रामानंद तीर्थ आदी मंडळी सत्याग्रह करून तुरुंगात गेली. 'हे तर नुसते परिपत्रक' असे म्हणून कागद बाजूला सारण्याची सवय असलेल्यांनी त्रेपन्न नंबरची गश्ती आठवावी. कागदाचे नाव लहान असले तरी त्यामागची सत्ता मोकाट असेल तर तो कागद कायद्याहून भारी पडतो.

फर्मानाने फर्मान संपले

निजामाच्या फर्मानाला किती वजन होते? त्याचे उत्तर पुढे सर्वोच्च न्यायालयानेच देऊन ठेवले आहे. एका नवाबाच्या वारसाहक्काचा वाद होता. त्यात फर्मानामागून फर्माने निघाली होती. 1955 साली न्यायालयाने सांगितले की निजाम हा संस्थानाचा निरंकुश सार्वभौम होता. कायदा करणारा तोच, अंमल करणारा तोच, न्याय देणाराही तोच. त्यामुळे त्याचे फर्मान हाच तिथला कायदा. म्हणजे एका माणसाची इच्छा कागदावर उतरली की ती लाखोंवर बंधनकारक. मूळ अर्थाने 'तथास्तु'!

जून 1947 मध्ये मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले की इंग्रज गेले की आपण स्वतंत्र सार्वभौम होऊ. त्या एका कागदाची किंमत नांदेड, लातूर, उमरी, उदगीरच्या लोकांनी पुढची सव्वा वर्ष मोजली. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि 17 सप्टेंबरला सगळे संपले. आपण दरवर्षी झेंडावंदन करतो तो हा दिवस.

पण शब्दांच्या दृष्टीने खरी अखेर झाली ती पुढच्या वर्षी. 23 नोव्हेंबर 1949 रोजी त्याच निजामाने आणखी एक फर्मान काढले : भारताची राज्यघटना हीच हैदराबादची राज्यघटना राहील. एका फर्मानाने स्वतःला सार्वभौम म्हणवले आणि दुसऱ्या फर्मानाने फर्मान काढण्याचा अधिकारच मावळला. यापुढे मुंबईत वा दिल्लीत कुणालाही केवळ 'मला वाटते' म्हणून हुकूम काढता येणार नव्हता. प्रत्येक कागदाला 'कोणत्या कलमाखाली?' हा प्रश्न विचारता येणार होता. आपण स्वातंत्र्य मिळाले असे म्हणतो, त्यात हा प्रश्न विचारण्याचा हक्कही येतो.

एकच शब्द, दोन दरबार

नांदेडमध्ये एक शब्द मात्र आजही रोज जिवंत आहे. तो म्हणजे हुकूमनामा. 1708 साली गुरू गोविंदसिंगजी इथे गोदाकाठी होते. बंदा सिंग बहादूर यांना त्यांनी इथूनच पंजाबकडे पाठवले ते शिखांच्या नावे हुकूमनामे देऊन. आपल्यामागे ग्रंथसाहिब हेच गुरू, अशी आज्ञा त्यांनी इथेच दिली. आज तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये ग्रंथसाहिबमधून निघणाऱ्या वचनाला भाविक हुकूमनामा म्हणतात आणि माथा टेकून ऐकतात. त्यामागे पोलीस नाही, जप्ती नाही. श्रद्धा आहे.

तिथून रिक्षाने थोडे अंतर गेले की न्यायालय. तिथेही हुकूमनामा मिळतो! दिवाणी दाव्यात ज्याला वकील 'डिक्री' म्हणतात त्याला मराठीत हुकूमनामाच म्हणतात. न्यायाधीश कारणे देऊन लिहितात तो न्यायनिर्णय. त्यातून कुणाला काय मिळाले हे औपचारिक शब्दांत सांगतो तो हुकूमनामा. दावा जिंकला म्हणून पेढे वाटणाऱ्याला पुढे कळते की हुकूमनामा हातात आला तरी जमीन हातात येत नाही. त्यासाठी पुन्हा 'दरखास्त' करावी लागते. किती कुटुंबांची एक पिढी दाव्यात जाते आणि दुसरी दरखास्तीत. एका दरबारी हुकूमनामा ऐकताच माणूस स्वतःहून वाकतो, दुसऱ्या दरबारी हुकूमनामा मिळाल्यावरही समोरचा वाकत नाही. शब्द तोच, पण त्यामागे काय उभे आहे यावर सगळे अवलंबून.

'सदृश' या तीन अक्षरांची किंमत

हे सगळे इतिहासातले म्हणून सोडून द्यावे, असे मात्र नाही. अलीकडची दोन-तीन उदाहरणे पाहा.

27 जानेवारी 2024 ला वाशी येथे मराठा आरक्षणाच्या आंदोलकांना सरकारने एक कागद दिला. गावोगाव गुलाल उधळला गेला. 'अध्यादेश निघाला' असे लोक म्हणू लागले, कित्येक ठिकाणी छापूनही आले. प्रत्यक्षात ती 26 जानेवारीची अधिसूचना होती, आणि तीही मसुदा. 16 फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर हरकती मागवल्या होत्या. अध्यादेश, म्हणजे आपला जुना वटहुकूम, विधिमंडळाचे अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात. घटनेच्या 213 व्या कलमाखाली तो कायद्याइतकाच बलवान असतो, पण अधिवेशन भरल्यापासून सहा आठवडेच टिकतो. अधिसूचनेचे तसे नसते. ती आधीच असलेल्या कायद्याच्या आधाराने निघते. आणि मसुदा म्हणजे 'असे करावे म्हणतो, तुमचे काय म्हणणे आहे?' आरक्षणाबद्दल कुणाचे मत काहीही असो, हातातला कागद यातला कोणता, हे ओळखणे दोन्ही बाजूंच्या हिताचे होते.

2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर 'हैदराबाद गॅझेट' हे शब्द पोराटोरांच्या तोंडी झाले. इथेही दोन जुळ्या शब्दांची गल्लत आहे. गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकार त्यात जे छापते ते अधिकृत. व्हेनिसमध्ये बातमीपत्र ज्या छोट्या नाण्याला मिळे त्या 'गॅझेटा'वरून ते नाव पडले, असे सांगतात. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा ग्रंथ : नद्या, पिके, जाती, बाजार, लोकसंख्या. एक हुकूम सांगतो, दुसरा वर्णन करतो. माहितीच्या ग्रंथातल्या वर्णनाला शंभर वर्षांनी पुराव्याचे मोल यावे, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

पण लातूरकरांच्या जिव्हारी लागणारा शब्द तिसराच आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. देशाने ती 'जलदूत' पाहिली. नळाला पाणी नाही, जनावरे छावणीत, माणसे रांगेत. आणि सरकारी कागदात मात्र 'दुष्काळसदृश परिस्थिती'. सदृश म्हणजे सारखी, अगदी तीच नव्हे. उच्च न्यायालयात सुनावणी सुरू असताना, मे 2016 मध्ये सरकारने स्पष्ट केले की 29 हजारांवर गावांच्या बाबतीत त्या शब्दाच्या जागी 'दुष्काळ' असे वाचावे. एक शेपूट गळाले, पण ते गळायला अर्धा उन्हाळा गेला. 2018 मध्ये पुन्हा तेच : ऑक्टोबरात आधी 180 तालुक्यांत 'दुष्काळसदृश' आणि आठवडाभराने, 31 ऑक्टोबरला, 151 तालुक्यांत 'दुष्काळ'. 2025 च्या सप्टेंबरात उलटे झाले. पावसाने मराठवाड्यातली पिके बुडाली, जमिनी खरवडून गेल्या. लोक म्हणाले, ओला दुष्काळ जाहीर करा. उत्तर आले, अशी संज्ञाच नियमावलीत नाही; मदत मात्र दुष्काळाच्या धर्तीवर देऊ. शेतकऱ्याच्या बोलीत पिढ्यान्पिढ्या असलेला शब्द सरकारच्या कोशात नाही!

म्हणून शब्दांचा हा खेळ पंडितांवर सोडून चालणार नाही. वीजबिलाची सवलत, फीची माफी, कर्जाची मुदत हे सगळे त्या एका जाहीर झालेल्या शब्दाच्या मागे उभे असते.

चाचांचे तीन प्रश्न

त्या दिवशी निघताना चाचांना विचारले, "चाचा, कागदात दम आहे की नाही हे आमच्यासारख्याने ओळखायचे कसे?" त्यांनी तीन बोटे दाखवली. कागद कुणी काढला? कोणत्या अधिकाराने काढला? आणि कधीपासून लागू? "ही तीन उत्तरे मिळाली की शिक्का नसला तरी कागद बोलतो. नाही मिळाली तर सोन्याचा शिक्का असला तरी तो मुका."

घरी येऊन आम्ही एक ताजा शासन निर्णय काढून पाहिला. वर क्रमांक आणि दिनांक, मध्ये संदर्भ आणि प्रस्तावना, शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. चाचांची तिन्ही उत्तरे त्यात होती. मग फसली सालाचा हिशेबही मांडला. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर 590 मिळवायचे, पुढच्या महिन्यांना 591. खुर्दाद 1341 म्हणजे 1932 चा एप्रिल. थकलेला सारा आजोबांनी ऐन उन्हाळ्यात कुठून तरी उभा करून भरला होता आणि जमीन वाचवली होती. ते शौर्य त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. पावती पेटीच्या तळाला अंथरली आणि वर ती धमकीची नोटीस लाल फडक्यात बांधून ठेवली.

का ठेवली असेल? वडिलांच्या मते त्यांनाही ते फर्मानच वाटले असेल. मला तसे वाटत नाही. सत्तेने दिलेला धाक विसरू नये म्हणून ठेवली असावी.

चुलत्यांसमोर पावती ठेवली. नाव वाचून झाल्यावर सगळेच जरा वेळ गप्प झाले. ते नाव दोन्ही घरांच्या आजोबांचे होते. बांधाचा वाद पंधरा दिवसांत मिटला. पावती आता काचेच्या चौकटीत आहे. नोटीसही आम्ही टाकली नाही. फक्त यंदाच्या दसऱ्याला हळदीकुंकू पावतीला लागले.